किनार धरली का?

मला एक सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? दलालावर? तो सकाळी एक भाव सांगतो, जेवण झालं की दुसरा. डोळ्यांवर? जे कापड दुपारच्या उन्हात दुधासारखं दिसतं, तेच ट्यूबलाईटखाली पिवळं पडतं. शेजारणीवर? ती बिचारी प्रेमानेच सांगते, पण ऐकलेलं सांगते. मी भिवंडीत कोऱ्या कापडाचा धंदा केला, आणि या प्रश्नापाशी दर थोड्या दिवसांनी येऊन थांबले. माझं शिक्षण चौथी. यजमान लवकर गेले. पुढची सगळी विद्या मागावरून उतरलेल्या ताग्यांनीच शिकवली.

आमच्या मागच्या गाळ्यात तपासणीच्या बायका बसायच्या. तागा, म्हणजे मागावरून उतरलेलं लांबलचक कापड, टेबलावर उलगडायचा, हात सपाट ठेवून त्यावरून फिरवायचा. सुताची गाठ लागली की चिमट्याने काढायची. दोष मोठा असला की मेंडिंगसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी, रंगीत खडूने खूण करायची. खिडकीतून उजेड यायचा आणि हवेत कापसाचं तूस तरंगत असायचं. भिंतीपलीकडे मागांची खटखट. इतकी एकसुरी, की दुपारी वाटायचं आपण सगळ्याजणी आगबोटीत बसलोय आणि ही पांढरी बोट कुठेतरी चाललीय. शुक्रवारी माग बंद. मग बोट जणू खोल पाण्यात उभी राहायची.

आणि किस्से? ते तुसासारखेच साचतात हो! सकाळी गाळा लख्ख झाडावा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा मऊ ढीग. फुंकर मारली की उडतो, आणि जरा वेळाने हलकेच येऊन खांद्यावर बसतो.

०००

सत्तर साल उलटून गेलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर मालतीबाई बाळंतपणाचा छोटासा दवाखाना चालवायच्या. एकदा चादरींसाठी कापड घ्यायला आल्या आणि भाव विचारायचं सोडून बायकांचे हात बघत उभ्या राहिल्या.

"शेठाणी, या बायका मला शुक्रवारी अर्धा तास द्याल?"

"देईन की! पण कशाला?"

"छातीतली गाठ कशी ओळखायची ते शिकवायचंय. कॅन्सरची गाठ. दुसऱ्या बायकांना शिकवायला मला महिने लागतात. या तर निम्मं शिकूनच बसल्यात."

तेव्हा गावात भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले. 'डॉक्टरीण येणार' एवढंच गाळ्यात पसरलं, आणि शुक्रवारी बघते तो निम्म्या बायका गायब! आमची सगळ्यात जुनी बाई हुसेनाबी ताग्यांच्या थप्पीमागे दडून बसली होती. पदर दिसत होता.

मालतीबाईंनी हाक मारली, "हुसेनाबी, बाहेर या."

आतून आवाज आला, "हमारा ऑपरेशन हो गया है!"

"कोणी केलं?"

"उमर ने!"

मालतीबाई हसून खालीच बसल्या. मग म्हणाल्या, "मग तर तुम्ही पहिल्या रांगेत या. वय वाढतं तसं हे तपासणं जास्त गरजेचं. मूल होण्याचं वय संपलं म्हणून हे संपत नाही."

हुसेनाबी बाहेर आली. तूस झटकत आली आणि पहिल्या रांगेत बसली. रांग एकच होती, पण तिने ती पहिली केली!

०००

मालतीबाई शिकलेल्या. त्यांनी सुरुवात केली, "स्तनांची तपासणी..." झालं! एक जण छताकडे बघायला लागली, एक जण जमिनीकडे. शेवटी सुमन बोलली.

ही सुमन जवळच्या राहनाळ गावची. माझ्या गाळ्यातला सगळ्यात चांगला हात. तिने पास केलेला माल मुंबईचा व्यापारी उलगडूनही बघायचा नाही.

"डॉक्टरीनबाय, थान म्हना. लाजायचं काय त्यात? त्याच्यावरच गाव पोसलाय."

मग गाडी सुरू झाली. मालतीबाईंनी सांगितलं, महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर काही दिवसांनी. तेव्हा छाती मऊ असते. पाळी गेलेल्यांनी महिन्यातला एक दिवस ठरवून टाकायचा. आधी आरशासमोर उभं राहायचं. एक बाजू वेगळी दिसतेय का, कातडीला खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतंय का. मग आडवं पडून हात डोक्याखाली, आणि दुसऱ्या हाताची बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवायची. चिमटीत धरायचं नाही. चिमटीत धरलं तर चांगली छातीही गाठीसारखी लागते.

सरावासाठी मी कापसाच्या उश्या शिवल्या होत्या. काहींच्या पोटात चिंचोका, काहींच्या काही नाही. डोळे मिटून ओळखायचं.

खिडकीतून उजेड, मागांचा आवाज नाही, आणि पांढऱ्या उश्या मांडीवर घेऊन डोळे मिटलेल्या बायका. जणू सगळ्यांना एकदमच तान्ही झाली होती. मला तर कोणाला हाक मारावीशीही वाटेना.

मालतीबाई पाणी प्यायला वळल्या. परत बघतात तो काय! सगळ्या उश्या फाडलेल्या, कापूस गाळाभर, आणि टेबलावर चिंचोके ओळीने मांडलेले.

"हे काय केलंत?"

सुमन अभिमानाने म्हणाली, "काढल्या सगळ्या! माल क्लिअर!"

मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बायांनो, ही गाठ तुम्ही काढायची नाही! दाबायची नाही, चोळायची नाही, शेकायची नाही. सापडली की येऊन सांगायचं. बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी कुठली आणि वाईट कुठली, ते बोटांना कळत नाही. ते तपासूनच कळतं."

हुसेनाबीने मान डोलावली. "समझ गयी. चेकिंग हमारी, मेंडिंग तुम्हारी!"

०००

पुढच्या महिन्यात मालतीबाई पुन्हा आल्या. एकेकीला विचारलं. सगळ्यांचा माल पास!

"करून दाखवा बघू," त्या म्हणाल्या.

बायकांनी पोलक्यावरूनच हात फिरवून दाखवले. काय सुंदर हात हो! वाऱ्यावर भातशेती हलावी तसे. मालतीबाई बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी आली. सगळ्यांचे हात काखेच्या अलीकडे येऊन वळत होते. एकीचाही पुढे जात नव्हता.

"हात तिथून मागे का येतो?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुमन म्हणाली, "ती किनार हाय ना!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. ताग्याच्या दोन्ही कडांची दोन-दोन बोटं आम्ही तपासत नाही. ती शिवणीत जातात. किनारीतला दोष बाजार धरत नाही, म्हणून आमचा हातही तिथे जात नाही. वर्षानुवर्षं तसाच वळलेला हात, तो स्वतःच्या अंगावरही तिथूनच वळला!

मालतीबाई म्हणाल्या, "बाजाराचा कायदा इथे नको, बायांनो. छातीची बाहेरची वरची बाजू आणि काख, तिथेच तर ही जास्त सापडते."

मग सुमन बोलली. दुसऱ्याच कोणाच्या मालाबद्दल बोलावं, तशी.

"मंग माझी हाय. पावसाच्या आधीपासून हाय. किनारीत हाय म्हनून मी पास केली."

०००

मालतीबाईंनी पडद्याआड तपासलं. बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजले. गाठ टणक होती आणि जागची हलत नव्हती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायला हवं, लवकर.

सुमनने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली. तिसऱ्या दिवशीही आली. मुंबईचं नाव नाही.

घरी तिची सासू, बायजाआय. भाजीची टोपली घेऊन राहनाळहून बाजारात यायची. बोलणं सुरीसारखं. तिने सुनेला विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाय."

"मंग? न दुखनारं कोन चिरून घेतं?"

आणि कसल्यातरी पाल्याचा लेप बांधला.

पण सुमनची भीती वेगळीच होती. एका दुपारी तागा ओढता ओढता मला म्हणाली, "शेठानी, थान गेला तर जाऊ दे. पोरं पिऊन मोठी झाली, त्याचं काम झालं. पन पूर्णा गावच्या एका बायचं असंच ऑपरेशन झालं, तर तिचा हात केळीच्या खांबावानी सुजला. आमटीचा डाव धरवत न्हाय तिला. माझा उजवा हात गेला तर माझ्यात काय उरलं?"

खरं होतं. तिचा नवरा दत्तू भाताचं एकच पीक काढायचा. बाकी घर त्या हातावर चालायचं.

मी दत्तूला आणि तिला मालतीबाईंसमोर बसवलं. दत्तू म्हणजे दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस. सुमननेच विचारलं, "हात ऱ्हाईल का, ते सांगा. खरं सांगा."

मालतीबाईंनी गोड काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "वचन देत नाही. काखेतल्याही गाठी काढतात, त्यामुळे हात जड होतो, कधी कधी सुजतो. व्यायाम नेमाने केलास तर बहुधा कामाला येईल. आज गाठ एका जागी आहे. अंगभर पसरली तर माझ्याही हातात फार काही उरणार नाही. आणि गेलीच नाहीस, सुमन, तर हात राहील. त्याला चालवणारी राहणार नाही."

दत्तू उठला आणि एक शब्दही न बोलता बाहेर गेला. सुमनचा चेहरा पडला. मला वाटलं, गेला गडी! मी मनातल्या मनात त्याला ठेवणीतल्या चार शिव्या घातल्या.

तेवढ्यात दाराशी घुंगरं वाजली.

"चल," दत्तू म्हणाला. "टांगा उभा केलाय."

दिवसाचे चारही शब्द त्याने एका दमात खर्च केले!

०००

मुंबईच्या इस्पितळात आधी गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. मग सर्जन आले. पांढरा कोट, सोनेरी चष्मा. त्यांनी समजावलं, पूर्ण बाजू काढावी लागेल.

सुमन म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हात द्या तुमचा."

त्यांना वाटलं, बाई आशीर्वाद मागतेय. त्यांनी हात पुढे केला. सुमनने तो उलटा केला, तळव्यावरून बोटं फिरवली, डोळे मिटून, तागा तपासावा तसा. वॉर्डातल्या नर्सा बघत राहिल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हात मऊ हाय. पन थंड पडलाय. यांना आधी च्या पाजा!"

आणि सर्जनसाहेबांनी खरंच चहा मागवला.

भूल चढताना काय दिसलं, ते तिने मला पुढे सांगितलं. एसटी कशेळीच्या खाडीवरून जाते ना, तशी ती जात होती, पण एसटी नव्हतीच. खाडीवर एक तागा पसरला होता, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि पुढे मिठागरांपर्यंत, पुढे जिथे आभाळ टेकतं तिथपर्यंत. ती त्यावर ओणवी होऊन हात फिरवत होती. खालचं पाणी कोमट लागत होतं. गाठ कुठेच नव्हती. तागा संपतच नव्हता, आणि तिला तो संपायला नकोही होता. बगळे येऊन त्यावर बसत, आणि तेही कापडाचेच होते.

मी बाहेर बाकावर बसले होते, शेजारी दत्तू. स्ट्रेचर आलं. सुमनचे ओठ हलत होते. सर्जन वाकले.

"काय म्हणतेय ही? कुठली किनार?"

मी जवळ कान नेला. अर्धवट शुद्धीत ती एकच विचारत होती.

"किनार धरली का?"

मी सर्जनना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाले, "धरली, बाई! काखेपर्यंत धरली!"

तेव्हा कुठे ती झोपली.

०००

पुढे विजेच्या मशीनचे शेक होते. इस्पितळात त्याला सगळे 'लाईट' म्हणायचे. लाईट कुठे द्यायचा त्याच्या जांभळ्या खुणा छातीवर काढलेल्या. तिथे साबण लावायचा नाही, घासायचं नाही, सैल सुती पोलकं घालायचं, असं सगळं सांगितलेलं.

पहिला लाईट झाला. दुसऱ्या दिवशी सुमन गेली, आणि मशीनवाला ओरडायलाच लागला. खुणा गायब!

"कोणी पुसल्या?"

"मीच," सुमन म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळणार!

आमच्याकडे रीतच ती. दोष सापडला की खडूची खूण, दुरुस्त झाला की खूण पुसायची. खूण तशीच ठेवून माल पुढे पाठवला तर बाई कामचुकार! काल लाईट दिला, म्हणजे दुरुस्ती झाली. एवढी मोठी मशीन, ती काय रोज रोज लावणार?

मशीनवाल्याने पुन्हा मोजमाप घेऊन खुणा काढल्या आणि बजावलं, "सगळे लाईट संपेपर्यंत हे पुसायचं नाही!"

सुमन मला म्हणाली, "ह्यांचं मेंडिंग लई स्लो हाय, शेठानी."

०००

लाईट संपवून सुमन घरी आली तर बायजाआयने तिचं ताट वेगळं केलेलं! ॲल्युमिनियमची एक थाळी, एक पेला, आणि ओटीवर अंथरूण. तांदळाच्या भाकरीला हात लावू देईना. पोरांना जवळ जाऊ देईना.

मला कळलं तशी मी मालतीबाईंना घेऊन राहनाळला गेले. मालतीबाईंनी शांतपणे समजावलं. हा रोग शिवून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही, लाईट घेतलेल्या बाईच्या अंगातून बाहेर काही येत नाही. पोरांनी आईला मिठी मारली तर आईलाच बरं वाटेल.

बायजाआयने सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मालतीबाईंना वाटलं, जिंकलो.

"मी कुठं म्हनते का लागतो?" बायजाआय म्हणाली. "पन लागला तर?"

यावर मालतीबाईंची सगळी डॉक्टरी संपली!

सुमन ओटीवर बसून ऐकत होती. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कोणीतरी ठेवून गेल्यासारखा.

०००

त्या हातासाठी इस्पितळातून व्यायाम दिला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि कोळी चढतो तशी एकेक बोट वर न्यायची. जिथे दुखेल तिथे थांबायचं, पण दुसऱ्या दिवशी थोडं तरी वर. शिवाय त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही, जड घागर उचलायची नाही, कापलं-भाजलं तर लगेच दाखवायचं, आणि सूज दिसली की उशीवर उंच ठेवायचा.

सुमन गाळ्यात येऊन भिंतीसमोर उभी राहायची आणि छातीच्या उंचीवरच रडायला लागायची. हुसेनाबीला ते बघवेना. ती जाऊन शेजारी उभी राहिली. "चल, मैं भी चढ़ती हूँ. देखें पहले कौन पहुँचता है."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. आठवड्याभरात सगळा गाळा! चहाच्या सुट्टीत बायका ओळीने भिंतीकडे तोंड करून उभ्या, आणि बोटं वर वर चाललीत. पांढऱ्या चुन्यावर उन्हाचा पट्टा, त्यात ती बोटं. वाटायचं, भिंत संपेल, छप्पर संपेल, आणि या अशाच चढत राहतील.

अशात एकदा आमचा दलाल आत आला. दारातच थबकला.

"शेठाणी! बायकांना शिक्षा केलीत काय?"

"नाही हो."

"मग संप आहे काय?"

"छे! भाव चढवतायत," मी म्हटलं. "अजून वीतभर चढू दे, मग तुमच्याशी बोलते."

तो सौदा त्याने पटकन उरकला!

आणि सुमनचा हात? एका दुपारी तो डोक्याच्या वर गेला. तिने वर बघितलं, स्वतःचाच हात बघितला. हुसेनाबी म्हणाली, "मैं हार गयी." हुसेनाबीची बोटं कधीच तिच्या पुढे होती, पण तिने ती हळूच खाली घेतली होती. ते मी पाहिलं.

मग सुमन पुन्हा ताग्यावर बसली. आधी थोडा वेळ, मग अर्धा दिवस. हात संध्याकाळी जड व्हायचा. पण डाव धरत होता, चिमटा धरत होता.

०००

पोलकं मात्र एका बाजूने रिकामं. आम्ही कापडवाल्या, आम्हाला हे बघवेल? मी कापसाची गादी शिवून दिली. पण कापूस हलका. चालता चालता वर सरकायचा आणि गळ्याशी येऊन बसायचा! सुमन म्हणाली, "शेठानी, हा तर बोलायला वर येतो!"

वजन हवं होतं. मग मी आत बाजरी भरली. झकास बसलं. दोन्ही बाजू सारख्या. सुमन आरशात बघून गोड हसली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी लाल होऊन आली. "शेठानी, काढा ते! शिवण उसवली, तं अंगनातल्या कोंबड्या घरापासून एसटीपर्यंत मागं आल्या!"

शेवटी काचेचे बारीक मणी घातले, दुहेरी शिवण मारून. त्याची कीर्ती अशी झाली की पुढे इस्पितळातून अनोळखी बायका पत्ता विचारत यायच्या. काउंटरशी उभ्या राहायच्या, पदर घट्ट ओढून. मी सुमनला हाक मारायचे. सुमन विचारायची, "डावी का उजवी?" बस्स. तेवढ्यात त्या बायकांचा पदर सैल व्हायचा.

०००

आणि आता हा एक किस्सा सांगते.

शुक्रवार होता. माग बंद. सुमनला इस्पितळात दर थोड्या महिन्यांनी तपासायला बोलवायचे, आणि तिथून ती बरी म्हणून परत यायची. त्या दिवशी मालतीबाईंनी तिला नव्या बायकांना शिकवायला बसवलं होतं. गाळ्यात दोरीवर तागे सोडलेले, सगळीकडे पांढरं पांढरं, वारा आला की आख्खा गाळा श्वास घेतल्यासारखा हलायचा.

दाराशी बायजाआय उभी. टोपली डोक्यावर, पण टोपलीत भाजी नव्हती.

सुमन उठून उभी राहिली. ताट वेगळं झाल्यापासून दोघी एका छपराखाली राहत होत्या, पण कामापुरतंच बोलत होत्या. ते ताट अजून वेगळंच होतं.

"शेठानी," बायजाआय म्हणाली, "वाईच बाहेर जावा समद्या."

आम्ही दोरीवरच्या ताग्यापलीकडे गेलो. मालतीबाई माझ्या शेजारी. उजेड त्या बाजूने येत होता, म्हणून कापडावर दोघींच्या सावल्या पडल्या होत्या. एक उभी, एक वाकलेली. म्हातारीची सावली लुगड्याचा पदर सोडत होती.

सुमनचा आवाज आला, "आय, डॉक्टरीनबाय हितंच हायत. बोलावू?"

"त्या मागून. आदी तू."

"मी काय डॉक्टर हाय?"

"तू हात फिरव."

मग उजव्या हाताची सावली उचलली गेली. हळू, सपाट, गोल. म्हातारीची सावली डोळे मिटल्यासारखी स्थिर झाली. हात मधून फिरला, खालून फिरला, बाहेरच्या बाजूला आला. वळला नाही. काखेपर्यंत गेला.

तिथे थांबला.

थोडा मागे आला. पुन्हा तिथेच गेला. पुन्हा थांबला.

मालतीबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबलीस का?" बायजाआयने विचारलं. आवाजात सुरी नव्हती. "सांग आता. माझं मन राखायला कमी सांगू नको. आन् त्या ताटाचा राग धरून जास्त सांगू नको. जेवढं हाय, तेवढंच सांग. हिशेब खरा ठेव, सुमे."